जागणाऱ्या डॉक्टरांचें स्वास्थ्य

आषाढांतली पहांट, तीनचा सुमार. जव्हारच्या पठारावर पाऊस धरून राहिला आहे आणि धुकें इतकें दाट आहे कीं रुग्णालयाच्या दारांतला दिवा दहा पावलांवर दिसेनासा होतो. अशा वेळीं दाराशीं एक जीप येऊन थांबते. पाड्यावरून सडकेपर्यंत झोळींत घालून आणलेला नऊ-दहा वर्षांचा मुलगा नातलग खालीं उतरवितात. रात्रीं भुईवर निजला तेव्हां तो चांगला होता. मध्यरात्रीं पोटांत दुखतें म्हणून रडत उठला, आणि आतां त्याला पापण्या उचलतां येत नाहींत. अंगावर दंशाची खूण दिसत नाहीं. मण्याराचा दंश पुष्कळदां असाच असतो. तो फारसा दुखत नाहीं, सुजत नाहीं, आणि झोपलेल्या माणसाला तर तो कळतही नाहीं. पापण्या पडल्या, गिळतां येईना, श्वास उथळ झाला, एवढ्यावरून तो ओळखावयाचा. प्रतिविष शिरेंतून सुरू करावयाचें. श्वास बंद पडूं लागला तर घशांत नळी घालून हातानें फुगा दाबीत राहावयाचें, आणि जरूर पडल्यास तसेंच फुगा दाबीत ऐंशी किलोमीटरवरचें नाशिक गांठावयाचें. हें सर्व ज्याला ठरवावयाचें आहे तो डॉक्टर अवघा पंचवीस वर्षांचा आहे, आणि काल सकाळीं आठांपासून तो जागा आहे.

पावसाळ्यांत अशा रात्री या भागांत येतात. त्या मुलाचें पुढें काय झालें, हें प्रत्येकजण विचारील व तें योग्यच आहे. परंतु त्या डॉक्टराचें काय झालें, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्याच्या पूर्व बाजूचे, सह्याद्रीच्या पायऱ्यांवर वसलेले दोन तालुके. जव्हारचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फूट उंच आहे. १९४८ पर्यंत येथें मुकणे घराण्याचें संस्थान होतें, आणि त्या घराण्यांतील पतंगशाह हें नांव तेथील कुटीर रुग्णालयानें अजून जपलें आहे. संस्थान विलीन होऊन जव्हार ठाणें जिल्ह्यांत आलें, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा निराळा जिल्हा झाल्यावर दोन्ही तालुके त्यांत गेले. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी ही येथील मुख्य वस्ती. नाचणी, वरी आणि भात हीं पिकें. पिकें हातीं आलीं कीं दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबें वीटभट्टीच्या व इतर मजुरीच्या कामासाठीं भिवंडी-वसईकडे उतरतात, तीं होळीला किंवा पावसाच्या तोंडावर परततात. मुंबईचा प्रवासी थंड हवा आणि दाभोशाचा धबधबा पाहून दोन दिवसांनीं घरीं जातो. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वांटा याच मुलखांतल्या वैतरणेवर अडविलेला आहे, आणि उन्हाळ्यांत मोखाड्याच्या कित्येक पाड्यांना मात्र पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते.

या मुलखाचें नांव शहरांतील वाचकांच्या कानीं पडलें तें दुःखद कारणानें. १९९२ च्या सुमारास जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी या भागांत शंभराहून अधिक बालकें कुपोषणानें आणि त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या रोगांनीं दगावलीं. त्यानंतर अधिकारी आले, मंत्री आले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. १९९५ मध्यें आदिवासी भागांसाठीं नवसंजीवनी योजना निघाली. तेव्हांपासून आजपर्यंत जव्हार-मोखाड्यास डॉक्टर पाठविणें हें शासनाचें एक नित्याचें काम होऊन बसलें आहे. पाठविलेला डॉक्टर तेथें टिकतो कसा, झोपतो केव्हां, जेवतो कोठें, आणि त्याचें मन कोणत्या अवस्थेंत असतें, याचा विचार मात्र त्या मानानें फार उशिरां सुरू झाला.

हे डॉक्टर असतात तरी कोण? शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यास बंधपत्राप्रमाणें एक वर्षाची सेवा द्यावी लागते. मुंबई-पुण्याच्या वसतिगृहांत पांच-सहा वर्षें काढलेला मुलगा किंवा मुलगी एक दिवस बॅग घेऊन खोडाळ्याला, जामसरला किंवा साखरशेतला उतरते. पुढें ज्यांना तज्ज्ञ व्हावयाचें आहे त्यांची तीन वर्षांची निवासी डॉक्टरकी त्यानंतर सुरू होते. म्हणून रात्रीं रोगी पाहावयाचे आणि त्यांमधल्या फटींत प्रवेशपरीक्षेचीं पुस्तकें उघडावयाचीं, असा दुहेरी भार या वर्षांत असतो. आणि जे मोठ्या रुग्णालयांत निवासी डॉक्टर झालेले असतात, त्यांनाही आतां शिक्षणक्रमाचा भाग म्हणून तीन महिने जिल्ह्याच्या रुग्णालयांत काढावे लागतात. भोर समितीनें १९४६ च्या आपल्या अहवालांत, डॉक्टर समाजाचा वैद्य व्हावा म्हणून प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचें तीन महिन्यांचें शिक्षण सुचविलें होतें. त्या सूचनेशीं या तीन महिन्यांचें नातें आहे.

‘निवासी’ या शब्दांतच या पेशाचा इतिहास आहे. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें १८८९ मध्यें जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडलें, तेव्हां विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉल्स्टेड यांनीं ही पद्धत घालून दिली. शिकाऊ डॉक्टरानें रुग्णालयांतच राहावें, बहुतेक अविवाहित राहावें, आणि रात्रंदिवस रोग्याच्या हांकेस ओ द्यावी, असा तिचा दंडक होता. त्यांतून उत्तम शस्त्रवैद्य तयार झाले यांत संशय नाहीं. परंतु ज्या हॉल्स्टेडच्या अथक परिश्रमांचा दाखला पुढील पिढ्यांना देण्यांत आला, तो स्वतः कोकेनचे प्रयोग करतां करतां त्याच्या आहारीं गेला होता आणि पुढें आयुष्यभर मॉर्फिनच्या व्यसनांतून सुटला नाहीं, ही गोष्ट फार काळ झांकून ठेवण्यांत आली. ज्या दंडकाला डॉक्टरकीची कसोटी मानण्यांत आलें, तो घालून देणारालाही औषधाच्या आधारावांचून दिवस काढतां आले नाहींत. तात्पर्य, माणसाच्या शरीराची मर्यादा ही चारित्र्याची उणीव नव्हे.

ती मर्यादा किती, हें आतां मोजलें गेलें आहे. १९९७ मध्यें ऑस्ट्रेलियांतील दोन संशोधकांनीं निरोगी माणसांना जागें ठेवून त्यांच्या हाताची आणि लक्षाची परीक्षा घेतली. सतरा तास जागलेल्या माणसाची कुशलता बेताचें मद्य घेतलेल्या माणसाइतकी उतरली होती. चोवीस तास जागल्यावर ती शंभर मिलिलीटर रक्तांत सुमारें १०० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी झाली. भारतांतील मोटार वाहन कायदा चालकास ३० मिलिग्रॅमपर्यंतच मुभा देतो. म्हणजे तिप्पट मद्य घेतलेल्या माणसाला गाडी चालवूं देणार नाहीं तो समाज, तितक्याच मंदावलेल्या डॉक्टराच्या हातीं तान्ह्या मुलाच्या औषधाचा हिशेब देतो. बोस्टन येथें २००४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत अतिदक्षता विभागांतील शिकाऊ डॉक्टरांच्या लांब पाळ्या तोडून पाहण्यांत आल्या. जुन्या पद्धतीनें चोवीस तासांहून अधिक काम करणारांच्या हातून गंभीर चुका शेंकडा ३६ नें अधिक झाल्याचें दिसलें. लांब पाळीनंतर घरीं जातांना त्यांच्या मोटारींना अपघात होण्याचा संभव दुपटीहून अधिक असतो, हेंही पुढच्या वर्षीं सिद्ध झालें.

या ज्ञानाला कायद्याचें रूप येण्यास एका मुलीचा जीव जावा लागला. १९८४ मध्यें न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयांत लिबी झायन ही अठरा वर्षांची तरुणी निवासी डॉक्टरांच्या देखरेखीखालीं असतां मरण पावली. तिच्या वडिलांनीं लांब पाळ्यांचा प्रश्न धसास लावला, आणि १९८९ पासून त्या राज्यांत आठवड्यास ८० तास व सलग २४ तास ही मर्यादा आली. युरोपांत २००९ पासून शिकाऊ डॉक्टरांना आठवड्यास सरासरी ४८ तासांची मर्यादा लागू झाली. भारतांत केंद्र शासनाच्या १९९२ च्या निवासी योजनेंत सामान्यतः सलग बारा तासांहून अधिक काम नसावें आणि आठवड्यास एक सुटी असावी, असें लिहिलेलें आहे. परंतु त्याच योजनेंत ‘कामाच्या निकडीनुसार’ असेही शब्द आहेत, आणि रुग्णालयांत निकड कधीं नसते?

२०२४ मध्यें राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलानें देशभरच्या विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले. पांच हजारांहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थ्यांनीं उत्तरें दिलीं. त्यांपैकीं सुमारें शेंकडा ३१ जणांनीं आपल्या मनांत आत्मघाताचे विचार येऊन गेल्याचें कळविलें. दहा निवासी डॉक्टर एका मेजाभोंवतीं जेवावयास बसले तर त्यांतील तिघांच्या मनांतून हा विचार केव्हां ना केव्हां गेलेला असावा, असा याचा अर्थ आहे. कार्यदलानें आठवड्यास ७४ तासांची मर्यादा, एक दिवस सुटी आणि रोज सात-आठ तास झोप यांची शिफारस केली. त्याआधीं २०१९ च्या मे महिन्यांत, मुंबईंत शिकणारी आदिवासी समाजांतून आलेली एक निवासी महिला डॉक्टर आपल्या जीवाला मुकली, आणि वरिष्ठांकडून होणाऱ्या अपमानाचा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रापुढें आला. कोलकात्यास २०२४ च्या ऑगस्टमध्यें रात्रपाळीवरील तरुण डॉक्टरीण विसावा घेत असतां तिची हत्या झाली, तेव्हां विश्रांतीची जागा सुरक्षित असणें हाही स्वास्थ्याचाच भाग आहे, हें सर्वांना कळून चुकलें.

मोठ्या शहरांतल्या या ताणांत जव्हार-मोखाड्याला आणखी कांहीं गोष्टींची भर पडते. पहिली गोष्ट एकटेपणाच्या जबाबदारीची. मुंबईच्या निवासी डॉक्टराच्या वर एक वरिष्ठ असतो, त्याच्या वर आणखी एक. मध्यरात्रीं विचारावयास कोणीतरी असतें. पाड्याजवळच्या आरोग्यकेंद्रांत पुष्कळदां परिचारिका, वॉर्डांतील मामा व मावशी आणि तरुण डॉक्टर एवढाच गोतावळा असतो. दुसरी गोष्ट अंतराची. निर्णय योग्य असूनही वाट हाताबाहेरची असते. २०२२ च्या ऑगस्टमध्यें मोखाडा तालुक्यांतील एका पाड्यावर वेळेआधीं जन्मलेलीं जुळीं बाळें घरींच दगावलीं, आणि रक्तस्राव होत असलेल्या त्यांच्या मातेला सडकेपर्यंत झोळींतून न्यावें लागलें. अशी माता दारीं पोंचते तेव्हां डॉक्टराला तिच्या रक्तस्रावाशीं झगडावें लागतेंच, शिवाय तो रस्ता नाहीं याची लाज, जी वस्तुतः दुसऱ्या कोणाची असावयास हवी, तीही नकळत त्याच्याच खांद्यावर येते.

तिसरी गोष्ट मुलांच्या मृत्यूची. अतितीव्र कुपोषित मुलाची शुश्रूषा हें रात्रीचें काम आहे. त्याला दर दोन-तीन तासांनीं थोडें थोडें दूध पाजावें लागतें, ऊब द्यावी लागते. रक्तांतील साखर किंवा अंगाची ऊब पहांटे उतरली तर सकाळपर्यंत तें राहत नाहीं. चार दिवस अशी राखण करून मूल डोळे उघडूं लागतें, आणि पांचव्या दिवशीं आई त्याला उचलून घरीं न्यावयास निघते. घरीं दुसरीं दोन मुलें आहेत, आवणीचे दिवस आहेत, मजुरी बुडते आहे. तिचें कारण खरें असतें. डॉक्टराचा राग येतो तोही खरा असतो. त्या रागाखालीं दुःख असतें, तें मात्र तो स्वतःलाही सांगत नाहीं. असे प्रसंग सांठत गेले कीं मनाला एक कोडगेपणा येतो. रोगी ‘चौथ्या खाटेवरचा’ होतो, नांव राहत नाहीं. जेवणाची चव जाते. लहानशा कारणावरून मावशींवर ओरडणें होतें. सुटी मिळाली तरी झोप येत नाहीं. पुष्कळांना ही अनुभवानें आलेली कणखरता वाटते. वस्तुतः हें शिणलेल्या मनाचें पहिलें लक्षण आहे.

मग उपाय काय? पहिला उपाय झोपेचा, आणि तो औषधाइतक्याच काटेकोरपणें घ्यावयाचा. रात्रपाळी असेल त्या दिवशीं दुपारीं दीड-दोन तास झोपून घ्यावें. आधीं साठविलेली झोप उपयोगीं पडते. रात्रीं शांतता मिळाली तर वीस-पंचवीस मिनिटांचीच डुलकी घ्यावी. त्याहून लांब झोपेंतून एकाएकीं उठविलें असतां डोकें कांहीं मिनिटें जड राहतें, म्हणून अशा उठण्यानंतर औषधाचें प्रमाण सांगण्यापूर्वीं तोंडावर पाणी मारून तें परिचारिकेकडून मोठ्यानें पुन्हां वाचून घ्यावें. पहांटे तीन ते पांच हा काळ शरीराच्या घड्याळांत सर्वांत खालचा. त्या वेळचा प्रत्येक हिशेब दोनदां करावा. चहाचा अंमल पांच-सहा तास राहतो, म्हणून पहांटेनंतर तो टाळावा, नाहींतर सकाळची झोप जाते. खोलीच्या खिडकीला जाड कांबळें टांगलें तरी दिवसाची झोप सुधारते. आणि पाळी संपल्यावर मोटारसायकल काढून घाटानें नाशिकला जाणें पूर्ण वर्ज्य करावें. एस्.टी.च्या खिडकींत डोकें टेकून झोपलेला डॉक्टर घरीं सुखरूप पोंचतो.

दुसरा उपाय पाळी सोंपविण्याचा. पुष्कळ तरुण डॉक्टरांना शरीरानें खोलीवर गेल्यावरही मनानें वॉर्डांतच राहण्याची संवय लागते. त्यावर एकच तोड आहे: जातांना प्रत्येक गंभीर रोग्याचें नांव, काय केलें, काय राहिलें आणि काय बिघडूं शकेल, हीं चार वाक्यें लिहून व बोलून पुढच्या माणसाच्या स्वाधीन करावीं. असें नीट सोंपविलेलें ओझें मनांतून उतरतें. अर्धवट सोंपविलेलें मात्र उशाशीं येऊन बसतें.

तिसरा उपाय बोलण्याचा. मूल दगावलें कीं त्याच दिवशीं, निदान दुसऱ्या दिवशीं, जे जे त्या रात्रीं हजर होते त्यांनीं दहा मिनिटें एकत्र बसावें. चूक शोधण्याची सभा वेगळी भरते. या बैठकींत प्रत्येकानें आपण काय पाहिलें आणि आपल्याला काय वाटलें एवढेंच सांगावें. पहिल्यानें मावशींना बोलूं द्यावें. त्यांनीं अशा वीस वर्षांच्या रात्री पाहिलेल्या असतात, आणि पुस्तकांत नाहीं असा धीर त्यांच्या एका वाक्यांत पुष्कळदां मिळतो. डॉक्टराचें ‘आपल्याला आणखी कांहीं करतां आलें असतें का?’ हें विचारणें आणि कोणीतरी प्रामाणिकपणें ‘नाहीं, इतकेंच शक्य होतें’ किंवा ‘होय, पुढच्या वेळीं हें लवकर करूं’ असें उत्तर देणें, यांतच दुःखाला वाट मिळते. प्रामाणिक उत्तर कठोर असलें तरी मनांत मुरलेल्या संशयाइतकें तें बोंचत नाहीं.

चौथा उपाय त्या मुलखाशीं ओळख करून घेण्याचा. ज्याला पाड्यावरची बोली समजत नाहीं त्याला रोग्याच्या नातलगांचें मौन अविश्वासाचें वाटतें आणि भगताकडे जाऊन मग आलेला रोगी अडाणी वाटतो. तीन महिन्यांत शंभर शब्द शिकलेल्या डॉक्टराला कळूं लागतें कीं भगत जवळ आहे आणि रुग्णालय लांब आहे. रात्रीं डोंगर उतरून जाण्यापूर्वीं माणूस आधीं जवळचें दार ठोठावतो. मग रागाच्या जागीं समजूत येते आणि कामाचा निम्मा शीण जातो. आशाताईंबरोबर एकदां पाड्यावर चालत जावें, त्यांच्या घरची नाचणीची भाकर खावी. कुपोषणाच्या दहा तक्त्यांहून त्या एका चालण्यानें अधिक समजतें. शिवाय रोज अर्धा तास उघड्या हवेंतील चालणें हा थकल्या मनाला दुसरा एक फायदा आहे.

पांचवा उपाय जिज्ञासेचा. हिंमतराव बावस्कर हे १९७६ च्या सुमारास तेव्हांच्या कुलाबा, आतांच्या रायगड जिल्ह्यांत महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रांत तरुण वैद्यकीय अधिकारी म्हणून गेले. तेथें लाल विंचवाच्या दंशानें माणसें डोळ्यांदेखत मरत, आणि पुस्तकांत त्यावर धड उपाय नव्हता. त्यांनीं प्रत्येक रोग्याची नाडी, रक्तदाब, श्वास यांची नोंद ठेवण्यास सुरुवात केली. विंचवाच्या विषानें हृदय कसें खचतें हें त्या नोंदींतून उलगडलें, प्रॅझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध झाला, आणि १९८६ मध्यें तो लेख ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत आला. शेंकडा तीस-चाळीस रोगी जेथें दगावत, तेथें तें प्रमाण एकाच्या आसपास उतरलें. बावस्करांना २०२२ मध्यें पद्मश्री मिळाली. ही कथा जागरणाच्या समर्थनासाठीं सांगावयाची नव्हे, आणि प्रत्येक डॉक्टरानें संशोधक व्हावें असाही तिचा अर्थ नाहीं. तिचा उपयोग एवढाच कीं, जें दुःख पुन्हां पुन्हां समोर येतें त्याची वहींत नोंद ठेवणारा माणूस त्याच्यापुढें अगदीं हतबल राहत नाहीं. मण्याराचे दंश कोणत्या महिन्यांत, कोणत्या पाड्यावरून, किती तासांनीं येतात, एवढें एका पावसाळ्यांत लिहून ठेवलें तरी पुढें येणाऱ्या डॉक्टराला ती वही उपयोगी पडते.

हे उपाय डॉक्टराच्या हातांतले झाले. परंतु केवळ त्यालाच ‘चालत जा, नोंद ठेव, लवकर नीज’ असा उपदेश करून मोकळें होणें अन्यायाचें होईल. छत्तीस तास जागविलेल्या माणसाला स्वास्थ्याचे धडे देणें म्हणजे भुकेल्याला पचनाचे नियम सांगणें होय. पाळीला दुसरा माणूस देणें, कडी लागणारी व स्वच्छ अशी विश्रांतीची खोली देणें, रात्रीं गरम अन्न मिळेल अशी सोय करणें, तज्ज्ञाला दूरध्वनीवर विचारतां येईल असा माणूस नेमून देणें, हें व्यवस्थेचें काम आहे. मोखाड्याच्या डॉक्टराची झोप ही तेथील मुलाच्या औषधाइतकीच शासनानें पुरवावयाची वस्तू आहे.

आणि कांहीं वेळां हे सर्व उपाय अपुरे पडतात. दोन आठवडे सतत उदासीनता, झोप व भूक मोडणें, आपण निरुपयोगी आहों असें वाटणें, मद्य किंवा झोपेच्या गोळ्या यांचा आधार, आणि जगूं नये असा विचार, यांपैकीं कांहीं दिसलें तर तो आजार समजून उपचार घ्यावा. डॉक्टरांना एक संवय घातक आहे: औषधांचें कपाट त्यांच्या हाताशीं असतें, आणि ते स्वतःचे वैद्य स्वतःच होतात. हॉल्स्टेडची चूक तीच होती. २०२२ च्या ऑक्टोबरपासून शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू आहे. तेथें मराठींतही बोलतां येतें. मनाच्या आजारासाठीं मदत मागणारा डॉक्टर हा पोटाच्या आजारासाठीं मदत मागणाऱ्या डॉक्टराहून कोणत्याही प्रकारें कमी नव्हे.

शेवटीं शहरांतल्या घरांविषयीं दोन शब्द. ज्या घरांत हें भाषण ऐकलें जात आहे त्यांपैकीं कित्येक घरांचा मुलगा, सून, भाची किंवा पुतण्या या वेळीं कोठेंतरी पाळीवर असेल. त्याच्या डॉक्टर होण्याचा घराला अभिमान असतो, आणि नकळत तो अभिमानच त्याच्या तोंडावर हात ठेवतो. फोनवर वडील विचारतात, ‘परीक्षेचा अभ्यास कितपत झाला?’ आई विचारते, ‘जेवलास ना?’ मुलगा दोन्हींना ‘हो’ म्हणतो. आईचा प्रश्न अधिक चांगला. परंतु त्यापुढें आणखी एक पाऊल जावें. ‘काल किती वेळ झोपलास? जेवायला बरोबर कोण होतें? आठवड्यांतली वाईट रात्र कोणती गेली?’ असें विचारावें आणि मग गप्प राहून ऐकावें. ‘आम्ही तुझ्या वयाचे होतों तेव्हां’ या वाक्यानें सुरू होणारी कोणतीही गोष्ट त्या वेळीं सांगूं नये. तो रडला तर रडूं द्यावें. ती गप्प राहिली तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां फोन करावा. आणि गप्प राहणें फार दिवस चाललें तर बॅग भरून एस्.टी.नें जव्हारला जावें; आठवडाभर शेजारीं राहिलेलें घरचें माणूस पुष्कळ कांहीं करूं शकतें.

दुसरी गोष्ट रोग्याच्या नातलगांची. शहरांतल्या सार्वजनिक रुग्णालयांत पहांटे चार वाजतां भेटणारा निवासी डॉक्टर तुटक बोलला म्हणून पुष्कळांचा संताप होतो. त्या वेळीं आवाज चढविण्यापूर्वीं एवढें लक्षांत घ्यावें कीं तोही कोणाच्या तरी घरचा मुलगा आहे आणि कदाचित् तीस तास जागा आहे. ‘डॉक्टर, जरा बसा, आणि मग सांगा’ एवढें एक वाक्य दोघांनाही उपयोगी पडतें.

सकाळीं आठ वाजतां जव्हारचें धुकें वर सरकूं लागतें. रात्रीं आणलेल्या मुलाचे श्वास अजून फुग्यावर चालले असतील, किंवा त्यानें पापणी किंचित् उचलली असेल. प्रतिविष आणि फुगा दाबणाऱ्या हातांनीं वेळेवर काम केलें तर मण्याराचा रोगी पुष्कळदां पूर्ण बरा होऊन चालत घरीं जातो. दुसरा डॉक्टर येतो. पहिला त्याला मुलाचें नांव, काय केलें, काय राहिलें, काय बिघडूं शकेल, हें सांगतो. मावशी चहा विचारतात; तो ‘नको, आतां झोपतों’ म्हणतो. खिडकीला कांबळें टांगलेलें आहे. तो चार तास निजला, तर पुढच्या रात्रीं येणाऱ्या मुलासाठीं तो पुन्हां नीट जागा राहील.